खुराकाचे बिल कोणाच्या नावावर?

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या रस्त्यावर कॉलेजांचे फलक झळकू लागतात. वर संस्थाध्यक्षांचा हसरा फोटो, त्याखाली प्राचार्य, मग ठळक अक्षरांत 'प्रवेश सुरू' आणि अगदी तळाला, पासपोर्ट फोटोच्या आकारात, चार-सहा मुले-मुली. कोणी आंतरविद्यापीठ कबड्डीत खेळलेला, कोणी 'अश्वमेध' या राज्यस्तरीय विद्यापीठ स्पर्धेतून पदक आणलेली. या फोटोंचे त्यांना काय मिळते, असे मी एका क्रीडा संचालकांना विचारले. "सर, नाव होतं की," ते म्हणाले. नाव होते हे खरे. कॉलेजचे.

अमेरिकेत हाच हिशेब कोर्टात गेला. जून 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज क्रीडेचा कारभार पाहणाऱ्या 'एनसीएए'च्या विरोधात एकमताने निकाल दिला. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. मग 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. त्यानुसार एखाद्या विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट आपल्या खेळाडूंना वाटण्याची परवानगी मिळाली. पूर्वी फुकट खेळून गेलेल्यांना दहा वर्षांत मिळून 2.8 अब्ज डॉलरची भरपाई, ती वेगळीच.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे: तिकडे टीव्हीचा पैसा आहे, आपले सामने बघतो कोण? उत्तर बरोबर आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याला राखीव खेळाडू, पंच आणि चहावाला सोडला तर फारसे कोणी नसते. उत्पन्नच नाही, तर वाटा कसला मागणार? पण मोबदल्याचे कारण तिकीटविक्री एवढेच नसते. 'नॅक'च्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली विद्यार्थ्यांनी खेळात मिळवलेली पदके मोजली जातात. त्या निकषाची फाइल भरायला कॉलेजला हीच पोरे लागतात. फलकावर तीच लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीच्या पावतीवर क्रीडा नाहीतर जिमखाना शुल्काची ओळ असते, ती ज्यांच्या नावाने वसूल होते तीही हीच. बाकी सगळ्यांना काहीतरी मिळते. खेळणाऱ्याला मिळतो ट्रॅकसूट, तोही स्पर्धा संपल्यावर.

आता कोणी म्हणेल, खेळाडूला काही मिळत नाही कसे? मिळते. आपण त्याला मोबदला देतोच, फक्त पैशात नाही, प्रमाणपत्रात देतो. दहावी-बारावीला जास्तीत जास्त 25 गुणांची सवलत, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण. हा उशिराने वटणारा पगार आहे, आणि त्याची रचना विचित्र आहे. चार वर्षे सराव करणाऱ्या पंधरा जणांपैकी एकाला सगळे मिळते, चौदांना कागद. शिवाय जो कागद दुकानात चालत नाही पण भरतीत चालतो, त्याची नक्कल करणारे निघणारच. खोट्या नोटा छापणारे निघतात तसे. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. त्यातल्या काहींनी ट्रॅम्पोलिनवर आयुष्यात एक उडीही मारली नसावी. खरा खेळाडू मात्र पडताळणीसाठी क्रीडा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, कारण आता प्रत्येक जण संशयित. दूध-अंड्यांचे पैसे दिले असते तर त्याची नक्कल कोण करणार होते? अंगावर दिसल्याशिवाय राहत नाही ते.

पुंडलिकनगरहून गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल सायकलने दहा मिनिटांवर. तिथे पहाटे गेलात तर मैदान भरलेले दिसेल आणि तुम्हाला वाटेल, वा, शहर खेळते आहे. जरा थांबून बघा. धावणाऱ्यांतले बहुतेक पोलीस भरतीचे उमेदवार असतात. मुले 1,600 मीटर धावतात, मुली 800, मग 100 मीटर, मग गोळाफेक. भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत एवढेच विचारतात. पंधराशे मीटर धावणारा क्वचित दिसतो. वरच्या शंभर मीटरने घरात पगार येतो, तर पोरगा तेवढे जास्त धावणार यात नवल नाही. या पोरांना नावे ठेवायची माझी अजिबात तयारी नाही. गावाकडून येऊन खोली करून राहायचे, डबा लावायचा, वडिलांना महिन्याला पैसे मागायचे, आणि वर लांब उडीचा सराव करायचा? आईबाप विचारतात, "उडी मारून काय मिळतं?" त्या प्रश्नाला विद्यापीठाकडे आजही उत्तर नाही.

अविनाश साबळेचे उदाहरण मराठवाड्यात सगळे अभिमानाने देतात, मीही देतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 2022 ला राष्ट्रकुल रौप्य आणले, 2023 ला आशियाई सुवर्ण, आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पण तो घडला कुठे? बारावीनंतर तो सैन्यात गेला, पाचव्या महार बटालियनमध्ये. पगार, जेवण, बूट, डॉक्टर आणि प्रशिक्षक हे सगळे त्याला एका छपराखाली लष्कराने दिले. आपल्या एकाही कॉलेजला त्याच्या श्रेयात वाटा मागता येणार नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य आणणाऱ्या स्वप्नील कुसळेला रेल्वेची नोकरी होती. म्हणजे आपली पद्धत अशी: अठरा ते बावीस ही खेळाडूची सोन्याची वर्षे, त्यांत त्याला कोणीच पोसायचे नाही, त्यातून जगला-वाचला तर लष्कर किंवा रेल्वे उचलते, आणि पदक आले की राज्य सरकार कोटीचा धनादेश काढते. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी 2 कोटी 25 लाख जाहीर केले. ते पाहून कर्नाटकच्या दोन खेळाडूंनी त्यांच्या सरकारचे 5 लाख नाकारले. आपली छाती फुगली. मला त्या कौतुकात भागीदार व्हायला आवडेल, पण ज्या आंतरमहाविद्यालयीन खो-खो संघातून असे खेळाडू येतात, त्यांना सामन्याच्या दिवशी वडापाववर भागवावे लागते, हे विसरता येत नाही.

खेळाडूने पैसे घेणे म्हणजे खेळाचे पावित्र्य घालवणे, ही कल्पना आपली नाहीच. ती गोऱ्या साहेबाच्या कॉलेजातून आली. त्याच्या घरी इस्टेट होती. आपल्याकडे जत्रेतली कुस्ती नारळापासून सुरू होते आणि शेवटच्या जोडीपर्यंत इनाम लाखांत जाते, सगळे ढोल वाजवून जाहीर. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाची चिंता दरबाराला असे. त्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजचा एक विद्यार्थी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाला तेव्हा मात्र पैसे अडले. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. तो विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले. ही गोष्ट आपण शाळाशाळांत डोळे ओले करून सांगतो, आणि तिचा उत्तरार्ध घाईने उरकतो: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात. म्हणजे देशाच्या पदकाचे बिल शेवटी फेडले कोणी, तर पदक आणणाऱ्यानेच. खर्डेकर थोर होते यात शंका नाही. पण दर पिढीत एक प्राचार्य घर गहाण टाकेल या भरवशावर ज्या राज्याचे क्रीडा धोरण चालते, त्याला धोरण म्हणू नये.

आणि पैसे नाहीत हे तर या शहराने कोणाला सांगूच नये. डिसेंबर 2024 मध्ये याच विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये गायब झाल्याचे उघड झाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते वळवणारा होता महिना 13,000 रुपयांवर काम करणारा कंत्राटी कर्मचारी, आणि साधन होते इंटरनेट बँकिंग. आलिशान गाडी, विमानतळाजवळचा फ्लॅट, हिरेजडित चष्मा, सगळे तपशील देशभरच्या चॅनलांनी चघळले. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. मला छळतो तो वेगळा भाग. पैसे जुलैपासून जात होते आणि डिसेंबर येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. का नव्हता? कारण त्या पैशाची वाट बघणारे कोणी नव्हते. दरमहा दहा हजारांच्या हिशेबाने ती रक्कम सुमारे 1,800 खेळाडूंना वर्षभर पुरली असती. संकुलाचा निधी वेगळ्या कामांचा असतो, असा वाटता येत नाही, हे मान्य. पण समजा त्यातला थोडा भाग जरी दर पहिल्या तारखेला पोरापोरींच्या खात्यात जाणारा असता, तर 2 ऑगस्टला संकुलाच्या दारात गर्दी झाली असती: "साहेब, या महिन्याचे आले नाहीत." सहा महिन्यांनी होणाऱ्या लेखापरीक्षणापेक्षा हे लेखापरीक्षण कडक. इमारतीला पैसे कमी आले तर इमारत ओरडत नाही.

केंद्राची 'खेलो इंडिया' योजना हे काही प्रमाणात करते. निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला 6 लाख 28 हजारांचा खर्च धरला आहे आणि त्यातले 1 लाख 20 हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, त्याच्या हातात पडतात. केंद्राच्याच 'टॉप्स' योजनेत ऑलिंपिकच्या उंबरठ्यावरच्यांना महिना 50,000. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातच भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. तिथे तलवारबाजी शिकणाऱ्या मुलीला वेळच्या वेळी आहार मिळतो. त्याच आवारात विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या मुलीला काय मिळते, ते तिच्या डब्याच्या मावशीला ठाऊक. क्रीडा विद्यापीठ आपल्याकडे व्हायचे होते, करोडीला जागाही ठरली होती, ते पुण्याला गेले. त्याबद्दल या शहराने भरपूर कढ काढले. ते आले असते तरी इमारतच आली असती, खुराक नव्हे.

मुलींचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. मुलगा खेळला तर घरचे म्हणतात, वाया चालला. मुलगी खेळली तर म्हणतात, पुरे झाले आता. दुसऱ्या वर्षाला असताना स्थळे येऊ लागतात आणि कबड्डी संघातली उत्तम रेडर सुट्टीनंतर परतत नाही. तिच्या स्वतःच्या बँक खात्यात दरमहा तीन हजार जरी पडत असतील तर घरातल्या बोलण्यात फरक पडतो. "थांबू दे की अजून दोन वर्षं," हे वाक्य बाप उच्चारतो, कारण त्याला शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी सापडलेले असते. हे फार उदात्त नाही. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरात उदात्त युक्तिवाद चालत नाहीत.

दुखापतीचे तर विचारूच नका. कबड्डीत "लिगामेंट गेलं" हे वाक्य पडशासारखे सहज बोलले जाते आणि शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घरचे जमीन विकायचा विषय काढतात. अमेरिकेतला वाद वरवर जाहिरातीच्या पैशांचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी एक मृत्यू आहे. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना रे डेनिसन मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली; खेळणे हे कॉलेजच्या नोकरीत बसत नाही म्हणून. आपल्याकडे कोणी एवढेही मागत नाही. विद्यापीठाच्या जर्सीत पडलेल्या मुलाच्या गुडघ्याचे बिल विद्यापीठाने द्यावे, यासाठी कोर्टाची गरज पडू नये.

तेव्हा माझे म्हणणे अमेरिकेएवढे मोठे नाही. पगार नको, सामन्यामागे दर नको, लिलाव तर नकोच. त्यासाठी प्रो कबड्डी आहे. मला हवा खुराक, दुखापतीचा विमा, आणि प्रवासभत्ता निघण्यापूर्वी, परतल्यावर आठ महिन्यांनी नव्हे. रोज लिटरभर दूध, सहा अंडी, चार केळी, एवढेच धरले तरी दिवसाला सव्वाशे होतात, महिन्याला पावणेचार हजार. त्यातले तीन हजार विद्यापीठाने द्यावेत. विद्यापीठाच्या निरनिराळ्या संघांत मिळून 500 खेळाडू धरू आणि दहा महिने; दीड कोटी रुपये. विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत, विद्यार्थी तीन लाख धरले तर डोई 50 रुपये. पंजाबातली विद्यापीठे खेळाडूंना वसतिगृह, जेवण आणि फी माफी देतात, म्हणूनच अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने विद्यापीठांच्या क्रीडा कामगिरीसाठीचा मौलाना आझाद करंडक वीसहून अधिक वेळा नेला. त्यांच्या पाण्यात काही वेगळे नाही.

एका मित्राने हे ऐकून लगेच खोट काढली: मग अध्यक्षांच्या पुतण्यापासून सगळेच खेळाडू होतील. होतीलच, कारण प्रमाणपत्रांचे तेच झाले. म्हणून यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावा, नाव, खेळ, कॉलेज आणि सरावाच्या हजेरीसकट. हजेरी बंद, पैसे बंद. संघातल्या बाकीच्या अकरा जणांना नेमके ठाऊक असते की बारावा कोण आहे आणि तो मैदानावर कधी दिसला होता. अडचण दुसरीकडे आहे. हजेरी घ्यायला माणूस लागतो, आणि शारीरिक शिक्षण संचालकांची पदे कित्येक कॉलेजांत वर्षानुवर्षे रिकामी आहेत. तिथे मराठीचे नाहीतर इतिहासाचे सर शिट्टी फुंकतात. मार्चमध्ये विद्यापीठाच्या अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो. क्रीडा शुल्काचे किती जमले, त्यातले मैदान आणि मंडपावर किती गेले आणि खेळाडूच्या ताटात किती पडले, एवढा एक तारांकित प्रश्न एखाद्या सदस्याने लावून धरावा. उत्तर आले की ते याच जागी छापतो.