लिहिले म्हणजे जपले नव्हे

संगणकाच्या पोटात काय चालते ते अभियंत्यांनी पाहावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नव्हे, असे माझे काही मित्र म्हणतात. मला हे पटत नाही. दुकानाची, बँकेची आणि जमिनीची नोंद आज ज्या यंत्रावर राहते, ते यंत्र ती कशी राखते हे हिशेब शिकणाऱ्याने विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?

आपण जतन करण्याची कळ दाबतो, तेव्हा मजकूर लगेच चकतीवर जातोच असे नाही. लिनक्स या कार्यप्रणालीत तो आधी स्मृतीतील पानावर उतरतो. असे एक पान बहुधा 4096 बाइटांचे असते. त्यावर ‘मळके’ अशी खूण होते आणि नेहमीच्या मांडणीत सुमारे 30 सेकंदांनी ते चकतीवर उतरविले जाते. म्हणजे आधी कच्ची वही, मग पक्की. कन्नडमध्ये फाइलला ‘कडत’ म्हणतात. जुने कडत म्हणजे कोळशाने काळे केलेले कापड. त्यावर बळपाने लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. स्मृतीतील पान मला तसेच वाटते.

ज्याला थांबायला सवड नाही, तो प्रोग्राम ‘एफसिंक’ ही आज्ञा देतो : आत्ताच उतरवा आणि तसे कळवा. गोम इथेच होती. चकतीवर लिहिताना बिघाड झाला तर लिनक्स तो एकदा कळवी, पण पानावरची ‘मळके’ ही खूण तरीही पुसली जाई. पुन्हा आज्ञा दिली की उत्तर येई, ‘सर्व ठीक’. मजकूर मात्र चकतीवर नसे! 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींनी हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. मुनिमाने खतावणी न करताच कीर्दीवर ‘उतरविले’ अशी खूण करावी, तसाच हा प्रकार.

लिनक्सकारांचीही एक बाजू होती. मध्येच उपटलेल्या पेन ड्राइव्हची पाने कायम धरून बसले, तर स्मृतीच भरून जाईल. बिघाड कळविण्याची रीत त्यांनी 2017 मध्ये, 4.13 या आवृत्तीत, सुधारली होती. पुढेही दुरुस्त्या झाल्या. पोस्टग्रेसने फेब्रुवारी 2019 मध्ये आपला नियम बदलला : असा बिघाड दिसताच काम थांबवायचे आणि रोजकीर्दीसारख्या आपल्या नोंदवहीवरून हिशेब पुन्हा मांडायचा. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. खोटे ‘झाले’ म्हणण्यापेक्षा खरे ‘झाले नाही’ म्हणणे केव्हाही चांगले.

धार जिल्ह्यातील तिरला हे माझे आजोळ. दयाबहादूर तिरल्याच्या लढाईत 1731-32 च्या सुमारास पडला, असे काही जुने इतिहासग्रंथ सांगतात. पेशवे दप्तराचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात छापले गेले. त्या दप्तरातील पत्रांवरून मात्र ती घटना 29 नोव्हेंबर 1728 ची, अमझेऱ्याच्या लढाईतील ठरते. वेळेवर लिहिलेला आणि नीट राखलेला कागद दोनशे वर्षांनीही चूक दुरुस्त करतो, तो असा.

त्याच तिरल्यात माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. आता त्यांची उधारी संगणकावर असते, वही बंद झाली आहे. मामांना एफसिंक ठाऊक असण्याचे कारण नाही. पण उद्या त्यांच्यासारख्यांचे हिशेब आपण तपासणार आहोत. तेव्हा पडद्यावरची बेरीज जुळली एवढ्यावर सही करायची का?

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे. हिशेबाच्या प्रात्यक्षिकात नोंद करायला शिकवता, तशीच ती परत मिळवायलाही शिकवा. चालू यंत्राची वीज तोडा, वेगळी ठेवलेली प्रत उघडा, आणि काय उरले ते विद्यार्थ्याला मोजू द्या. या तासाला खर्च फारसा नाही. विद्यार्थी मात्र ‘जतन झाले’ या दोन शब्दांवर पुन्हा डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष