भजन बांधावर आले तेव्हा

१९३७-३८ साली तळोदा तालुक्यातल्या मोरवडला दर सोमवारी हजारो आदिवासी गुलाम महाराजांच्या आरतीला जमत. अंघोळ करून यायचे, दारू सोडायची, लहानथोर सगळ्यांना ‘आप’ म्हणायचे, एवढाच त्यांचा उपदेश. तेवढ्यानेही दारूवाले आणि सावकार बिथरले. १९३८मध्ये महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराजांनी आरती चालू ठेवली, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले.

स्वातंत्र्यानंतर याच मातीत अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. भजने गात, सर्वोदयाचे काम करत; म्हणून लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. पण समोर भजनाला बसलेला माणूस कोण होता? थोड्याशा उचलीपोटी वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणारा सालदार. बापजाद्यांची जमीन कर्जाच्या कागदावरच्या अंगठ्याने गेलेली. त्यातच जमीनदारांच्या पीक संरक्षण सोसायट्यांच्या राखणदारांची दहशत. या माणसाला नुसते निर्व्यसनी राहा असे सांगून भागणार नाही, हे अंबरसिंग महाराजांनी ओळखले.

२ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यात पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. एक आदिवासी ठार झाला. त्यानंतर महाराजांचे भजन थेट शेताच्या बांधावर आले. ३० जानेवारी १९७२ला शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते आणि गावातले सालदार एकत्र आले. मजुरी आणि गेलेली जमीन हे प्रश्न ऐरणीवर आले. बायका तर दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. गुलाम महाराजांनी दारूबंदीचा उपदेश केला होता. या बायकांनी ती स्वतः अमलात आणली.

१९७४ साली अंबरसिंग महाराज गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदाही त्याच सालचा. १९९८मध्ये तळोदा, शहादा हे तालुके असलेला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तरी ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबे आजही इथे आहेत.

भक्ती अन्यायाकडे पाठ फिरवायला शिकवत असेल, तर ती भक्ती नव्हे, सोय आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते. या जिल्ह्यातल्या महाराजांनी ती सोय नाकारली आणि त्याची किंमतही मोजली. वाचकहो, या दिवाळीत देवापुढे दिवा लावाल, तेव्हा आपल्या शेतात राबणाऱ्याची मजुरी पूर्ण चुकती झाली आहे ना, हेही पाहा.