मी लाभार्थी नाही

‘कंपनीनं व्हिसा करून दिला.’ हे वाक्य आपल्याकडे पेढ्यांच्या बॉक्ससोबत येतं. आई शेजारी सांगते, काका फॅमिली ग्रुपवर टाकतात, आणि ज्याला व्हिसा मिळाला तोही कंपनीचे आभार मानत फिरतो. माझं भांडण या ‘करून दिला’शी आहे.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी अर्ज कोण करतं? तुम्ही नाही. फॉर्म आय-१२९ वर अर्जदार असते कंपनी. तुमच्यासाठी तिथे शब्द आहे ‘बेनिफिशियरी’, म्हणजे लाभार्थी. २०१७ साली महाराष्ट्र सरकारच्या ‘मी लाभार्थी’ जाहिरातींवर आपण पोट धरून हसलो होतो. इथे डिग्री तुमची, अनुभव तुमचा, काम तुम्ही करणार, आणि तरी कागदावर तुम्ही लाभार्थीच. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन तुमचं, अ‍ॅडमिन कंपनी.

कायदा आंधळा आहे असं नाही. कंपनीला आधी अमेरिकेच्या श्रम खात्याकडे ‘लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन’ भरावं लागतं. त्यात ती लेखी हमी देते: तेच काम करणाऱ्या आपल्या इतर कर्मचाऱ्यांइतका पगार किंवा त्या भागातला प्रचलित पगार, यातला जो जास्त असेल तो देऊ. या अर्जाची सूचना कामाच्या ठिकाणी लावावी लागते. त्याची प्रत तुम्ही रुजू व्हाल त्या दिवसापर्यंत तुमच्या हातात द्यावी लागते. प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवता येत नाही. मुदतीआधी सोडून गेलात म्हणून दंड लावता येत नाही. मुदतीआधी काढून टाकलं तर मायदेशी परतीचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा असतो. नियम मोडला तर १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणं बेकायदा आहे.

इतकं सगळं असूनही बेंचवरचा माणूस गप्प का बसतो? कारण नोकरी गेली की त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, इंटरव्ह्यू द्यायचे, तिनं नवा अर्ज भरायचा. नाही जमलं तर घराचं भाडेपत्र, गाडीचं कर्ज, मुलीची शाळा सगळं गुंडाळून विमानात. तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागेल, या आशेवर कोण राहील? हक्क कामगाराला दिले आणि चावी मालकाकडे ठेवली, की हक्क फाइलमध्येच राहतात.

ही चावी सहा वर्षांनीही सुटत नाही. एच-१बीची कमाल मुदत साधारण सहा वर्षं. त्यापुढे थांबायचं तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू हवी, आणि नोकरीवर आधारलेल्या बहुतेक ग्रीन कार्डांचा अर्जही कंपनीच करते. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ च्या अखेरीस ईबी-२ गटातली भारतीयांची रांग २०१३ च्या तारखांवर होती. म्हणजे ज्यांच्या नावानं तेव्हा अर्ज झाला, त्यांचा नंबर २०२५ च्या अखेरीस लागत होता. मधल्या काळात कंपनी बदलली तर रांगेतली तारीख टिकू शकते, पण नव्या कंपनीला बहुतेक कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागतात. अशा माणसानं बॉसशी पगारावरून वाद घालायचा?

आणि तो पगार तरी कसा ठरतो? प्रचलित पगाराच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी १७ व्या पर्सेंटाइलवर, दुसरी ३४ व्या. त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि खालून सतरावा माणूस बघा. कायद्याच्या हिशेबात तोही ‘प्रचलित’! ‘हे लोक आमचे पगार पाडतात’ अशी ओरड करणारा अमेरिकन कामगार पूर्ण खोटं बोलत नाही, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे दाखवतो. सोडून जाऊ न शकणारा सहकारी शेजारी बसला की दोघांचाही भाव पडतो.

‘कंपनी पैसे घालते, मग तिला खात्री नको का?’ हा नेहमीचा युक्तिवाद. सगळेच मालक भरतीवर पैसे घालतात. पण म्हणून पुण्यातली कंपनी राजीनामा दिल्यावर तुम्हाला ६० दिवसांत शहर सोडायला लावू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, ते कामगारांच्या भल्यासाठी म्हणून. ज्या कंपनीनं एका माणसावर लाख डॉलर मोजले, ती त्याला सुखानं सोडेल?

आखातात गेलेल्या कोकणातल्या माणसाचा पासपोर्ट कफीलच्या कपाटात असतो हे ऐकून आपण हळहळतो. आपला पासपोर्ट आपल्या खिशात असतो, कोर्टही उघडं असतं, हा फरक मोठाच आहे. पण देशात राहण्याचा हक्क मालकाच्या मर्जीला बांधायचा, ही कल्पना दोन्हीकडे तीच. आणि कतारनंसुद्धा २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढून टाकली.

दुसरी पद्धत असू शकते. जर्मनीच्या ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांनंतर नोकरी बदलायला परवानगी लागत नाही. मागणी तेवढीच आहे: पहिलं वर्ष कंपनीच्या अर्जावर, त्यानंतर व्हिसा माणसाच्या नावावर.

ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर रुजू होताना त्या अर्जाची प्रत मागून घ्या. पगाराची पायरी कुठली लिहिलीय ते बघा. कामाचं ठिकाण आणि पदाचं नाव ऑफर लेटरशी ताडून बघा. आणि पेढे वाटताना घरच्यांना सांगा, कंपनीनं व्हिसा करून दिला नाही. तिला माणूस हवा होता, म्हणून तिनं अर्ज केला.