हातात डिस्क, शिट्टी मात्र कुणाकडेच नाही

मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, मी अल्टिमेट खेळणार," तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेक घरांत उत्तर येतं, "म्हणजे ती फ्रिस्बीच ना?" हो, तीच. पण बीचवर वेळ घालवायला फेकलेली फ्रिस्बी आणि अल्टिमेट यांत गल्लीतलं क्रिकेट आणि कसोटी सामना यांच्याइतकं अंतर आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या शाळकरी मुलांनी हा खेळ सुरू केला. आज आपल्याकडे चेन्नई, बंगळुरू, अहमदाबादमध्ये तो जोमात खेळला जातो.

प्रत्येक संघात ७ खेळाडू. डिस्क हातात असताना पळायचं नाही, फक्त पास द्यायचा. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या खेळाडूने ती झेलली की एक गुण. खाली पडली तर डिस्क दुसऱ्या संघाची.

आता खरेदीचं. खेळण्यांच्या दुकानातली हलकी, पातळ तबकडी घेऊ नका. वाऱ्याची झुळूक आली की ती भरकटते आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. सामन्यातली डिस्क १७५ ग्रॅमची असते. अगदी लहान मुलांसाठी थोडी हलकी चालेल, पण कड जाड आणि पकडायला नीट हवी.

पहिला थ्रो बॅकहँड. अंगठा वर, बाकीची बोटं कडेच्या आत वळवलेली. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा समोर करून उभं राहायचं, उजवा पाय पुढे टाकायचा आणि शेवटी मनगटाचा झटका द्यायचा. इथेच सगळी गंमत आहे. मुलं (आणि बाबासुद्धा!) खांद्यातून जोर लावतात. डिस्क डुगडुगत जाते, कारण तिला हवेत स्थिर ठेवते ती फिरकी, ताकद नाही. म्हणून पहिले काही दिवस सात-आठ पावलांवरून फक्त मनगटाने फेकायला लावा. डिस्क भलत्या बाजूला वळत असेल तर सोडताना तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवायला सांगा. समोरून वारा असेल तर खालून आणि जास्त फिरकीने.

फोरहँड मात्र वेळ घेतो. दोन बोटं आतल्या कडेला टेकवायची, तळवा आकाशाकडे, कोपर अंगाजवळ. मुलं चिडतात, रोज दहा मिनिटं पुरे. झेल सुरुवातीला दोन्ही हातांनी, एक तळवा वर आणि एक खाली, सँडविचसारखा.

हे सगळं सरावाने येतं. अवघड भाग वेगळाच आहे. या खेळात सहसा पंच नसतो, अगदी आंतरराष्ट्रीय सामन्यांतही. धक्का लागला तर ज्याला लागला तोच "फाउल" म्हणतो. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर तो तसं सांगतो आणि डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते, तो डाव पुन्हा खेळतात. दहा वर्षांच्या मुलाला चिडलेल्या मित्रासमोर उभं राहून शांतपणे आपली बाजू मांडता येणं आणि स्वतःची चूक असेल तर ती मान्य करणं हेसुद्धा कौशल्यच आहे आणि त्याचाही सराव लागतो. म्हणून सीमारेषेबाहेरून "फाउल आहे, फाउल!" असं ओरडू नका. तो निर्णय त्यांचा आहे.

मुलामुलींच्या मिश्र संघात आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. मुलगी मोकळ्या जागेत पळत असते, हात वर करते, तरीही पास जातो गर्दीतल्या मुलाकडेच. चार वेळा असं झालं की ती पळणं सोडून देते आणि मग सगळे म्हणतात, "तिला आवडच नाही." सरावात एक नियम करून बघा: प्रत्येकाच्या हातून डिस्क गेल्याशिवाय गुण नाही. थोडी कुरकुर होईल, होऊ द्या. आणि घरी परतताना मुलाला "किती गुण झाले?" याआधी विचारा, "आज कुणाकुणाला पास दिलास?"