नवीनबाबू आणि सनदी सावली

ज्या राज्याची भाषा अस्खलित बोलता येत नाही, त्या राज्यावर सलग चोवीस वर्षे सत्ता गाजवणारा नेता महाराष्ट्रात कल्पनेतही बसणार नाही. ओडिशात नवीन पटनाईक यांनी ते साधले. बिजू पटनाईक एप्रिल १९९७ मध्ये निवर्तले, तेव्हा पन्नाशी गाठलेल्या या धाकट्या चिरंजीवांचा राजकारणाशी संबंध नव्हता. त्याच वर्षी ते आस्कामधून लोकसभेवर आले, पुढे वाजपेयी सरकारात पोलाद व खाण खाते सांभाळून मार्च २००० मध्ये भुवनेश्वरला गेले आणि तेथेच रमले. दिल्ली त्यांनी जवळजवळ सोडूनच दिली.

आधी भाजपच्या साथीने दोन निवडणुका, मग २००९ मध्ये युती तोडून स्वबळावर १४७ पैकी १०३ जागा, २०१४ मध्ये ११७. मितभाषीपणा, भ्रष्टतेचा आरोप होताच मंत्र्याला घरी बसवण्याची सवय आणि रुपया किलोचा तांदूळ, यांवर त्यांची प्रतिमा उभी राहिली. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. २०१३ च्या फायलिनपूर्वी जवळपास दहा लाख लोक सुरक्षित स्थळी हलवले गेले. हे श्रेय अर्थातच जिल्हाधिकाऱ्यांचेही होते. नवीनबाबूंची खरी संघटना बिजू जनता दल नव्हे, प्रशासन हीच होती.

नेमकी येथेच मेख होती. पक्ष सांभाळायलाही त्यांनी सनदी अधिकारीच निवडला. पहिले प्यारीमोहन महापात्र. मे २०१२ मध्ये नवीनबाबू लंडनला असताना त्यांनी बंडाचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला आणि त्यांची उचलबांगडी झाली. धडा मात्र घेतला गेला नाही. २०११ पासून खासगी सचिव असलेले व्ही. के. पांडियन हळूहळू मुख्यमंत्र्यांच्या दाराचे राखणदार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वेच्छानिवृत्ती, लगोलग कॅबिनेट दर्जाचे पद, नोव्हेंबरात पक्षप्रवेश. निवृत्तीनंतर निवडणुकीची स्वप्ने पाहणारे अधिकारी कमी नाहीत. पण मते न मागताच उत्तराधिकारी ठरण्याचा असा योग विरळा.

भाजपने ‘ओडिया अस्मिते’चा मुद्दा पुढे केला. यातील विसंगती मजेशीर होती: पांडियन मूळचे तमिळ, पण सभांतून ओडियात बोलत, नवीनबाबू रोमन लिपीत लिहिलेले ओडिया वाचून दाखवत. तरी परके ठरले पांडियन, कारण बिजूबाबूंचा मुलगा परका ठरणे शक्यच नव्हते. शिवाय मुख्यमंत्र्यांची भेट दुर्मिळ झालेल्या आमदारांचा सुप्त संताप होताच. त्याला वाट मिळाली ती या मुद्द्यातून.

जून २०२४ च्या निकालात भाजपला ७८, बिजदला ५१ जागा मिळाल्या. लोकसभेची तर एकही नाही. खुद्द नवीनबाबू हिंजिलीत तरले, कांटाबांजीत पडले. मतांचा टक्का मात्र दोन्ही पक्षांचा चाळीसच्या आसपास, विधानसभेत बिजदचा किंचित अधिकच. म्हणजे मतदाराने पाठ फिरवली असे म्हणणे धाडसाचे होईल. निकालानंतर काही दिवसांतच पांडियन यांनी सक्रिय राजकारण सोडले. मोहन माझी यांच्या सरकारसमोर नवीनबाबू विरोधी पक्षनेते म्हणून बसले, तेव्हा त्यांच्या मागच्या बाकांवर दुसऱ्या फळीचा म्हणावा असा एकही चेहरा नव्हता.