तेलाचा एक थेंब

संस्कृतांत ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : प्रेम आणि तेल. दोन पदार्थ एकमेकांवर घासूं लागले म्हणजे मध्यें राहून जो दोघांनाही झिजूं देत नाहीं तो स्नेह, एवढें सांगून मी वर्गांत पुढच्या श्लोकाकडे वळत असें. परंतु हा मध्यस्थ दोघांची झीज आपल्या पोटांत सांठवितो आणि कोणी विचारल्यास सांगतोही, हें मला उतारवयांत एटापल्लीस एका जुन्या विद्यार्थ्यामुळें कळलें.

हा गृहस्थ एका मालमोटारीचा धनी. मोटार कर्जाऊ, घरांत वृद्ध आई, पत्नी व शाळेंत जाणाऱ्या दोन मुली. आमच्या भागांत धान असो, किराणा असो वा इमारती लांकूड असो, भार मोटारींवरच. त्यांत सूरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांची भर. उन्हाळ्यांत रस्त्यावरची तांबडी धूळ झाडांच्या पानांवरही थर धरते.

एके दिवशीं तो चिंताक्रांत होऊन आला. ‘गुरुजी, इंजिन धूर फार सोडतें, ऑईलही पितें. मिस्त्री म्हणतो, खोलावें लागेल. आईच्या पाटल्या मोडूं काय?’

मीं विचारलें, ‘अरे, पण झिजलें काय आणि कशानें, हें त्यानें सांगितलें का?’

तें कोणीच सांगितलें नव्हतें. मात्र मागील दोन वेळां ऑईल बदलतांना, एका मित्राच्या आग्रहावरून, त्यानें नागपूरच्या एका प्रयोगशाळेंत नमुना पाठविला होता. आलेले कागद न वाचतांच पेटींत पडले होते. तिसरा नमुना पाठवावयास लावून आम्ही तिन्ही कागद शेजारीं शेजारीं मांडून बसलों.

या परीक्षेचें तत्त्व सोपें आहे. तेल विजेच्या ठिणगीनें जाळलें असतां त्यांतील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या विशिष्ट रंगाचा प्रकाश देतें. तो मोजून दहा लाख भागांत तें किती भाग आहे हें यंत्र सांगतें. १९४६ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर-रिओ ग्रांड रेल्वेनें आपल्या डिझेल इंजिनांसाठीं ही युक्ति योजिली. पुढें आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडांतही ती नित्याची झाली. लोखंड वाढलें तर बहुधा लायनर वा क्रँकशाफ्ट झिजत आहे. क्रोमियम वाढलें तर रिंगा. ॲल्युमिनियम वाढलें तर पिस्टन. तांबें, शिसें व कथील वाढलें तर बेअरिंगें. सोडियम वाढल्यास रेडिएटरचें पाणी झिरपत असल्याचा संशय घ्यावा. सिलिकॉन म्हणजे बहुधा बाहेरची धूळ.

आमच्या कागदांत लोखंड दुप्पट झालें होतें आणि सिलिकॉन तिपटीवर गेलें होतें. येथें एक शंका आली. एटापल्लीची धूळच लोहयुक्त. मग हें लोखंड रस्त्याचें कीं इंजिनाचें? ॲल्युमिनियमची साक्षही पुरी पडेना, कारण तें मातींतही असतें. निर्णय क्रोमियमनें दिला : रस्त्याच्या धुळींत तें नगण्य, आणि येथें तर तें चढलेलें. म्हणजे धूळ आंत शिरत होती आणि रिंगा खात होती. तांबें व शिसें मात्र जागचे हललेले नव्हते. बेअरिंगें शाबूत होतीं.

शोध घेतां एअर-फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी क्लिपेखालीं चिरलेली सांपडली. ती तशीच ठेवून रिंगा बदलल्या असत्या, तर नव्या रिंगांचीही तीच गत होती. रिंगा व लायनर बदलावे लागलेच. परंतु खालचें काम वांचलें आणि दोन पाटल्यांपैकीं एकच मोडली. खरें दुःख निराळें आहे. सिलिकॉन दुसऱ्याच कागदांत चढूं लागलें होतें. तो तेव्हांच वाचला असता, तर नुसत्या नळीवर भागलें असतें आणि तीही पाटली आईच्या हातांत राहिली असती.

ज्यांच्या घरीं मोटार वा शेताचें डिझेल इंजिन आहे त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नमुना इंजिन चालवून तेल गरम असतांना, पहिली धार सोडून मधल्या धारेचा, कोरड्या स्वच्छ बाटलींत घ्यावा. तें तेल किती मैल चाललें आणि मध्यें किती भर घातली, हें लिहून ठेवावें. एका आंकड्यावरून निकाल देऊं नये. मागचे आंकडे शेजारीं हवेत. शिवाय मोठे कण या यंत्राच्या दृष्टीस पडत नाहींत. म्हणून जुना ऑईल-फिल्टर कापून डोळ्यांनींही पाहावा.

आपल्या जुन्या वैद्यांजवळ तैलबिंदुपरीक्षा होती. रोग्याच्या मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो यावरून ते रोगाचें अनुमान करीत. येथें तेलाच्याच थेंबाची परीक्षा होते. परंतु दोन्हींकडे वैद्य नियमितपणें पाहणारा लागतो. माझ्या विद्यार्थ्यानें आतां मुलींच्या प्रगतिपुस्तकांसमवेत हेही कागद ठेवण्यास आरंभ केला आहे. मीं त्याला एवढेंच सांगितलें : ‘बाबा, दोन्ही आले त्याच दिवशीं वाचीत जा.’