काटा अडला म्हणून काय झालं?

जानेवारीत जिमची वर्षाची फी भरायची, भात बंद करायचा. पहिले दोन-तीन किलो उतरले की हुरूप येतो. मग काटा एकाच आकड्यावर अडून बसतो आणि आपण स्वतःच्या मनोनिग्रहाला बोल लावतो. हा बोल बराचसा अनाठायी आहे, असं आम्हाला वाटतं. वजन घटलं की शरीर कमी ऊर्जेत भागवू लागतं, भूकही वाढवतं. ‘द बिगेस्ट लूजर’ या वजन घटवण्याच्या अमेरिकी स्पर्धेतल्या १४ जणांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचा चयापचय अपेक्षेपेक्षा मंदच होता. त्यात बोरिवली-मुलुंडकरांचे लोकलमधले तास, रात्री उशिराचं जेवण आणि स्टेशनबाहेरची वडापावची गाडी. ही पळवाट झाली, असं कुणी म्हणेल. पण कारण कळलं म्हणजे प्रयत्न सोडले, असं होत नाही. उलट चिडून उपाशी राहणं आणि मग ताव मारणं थांबतं. शिवाय पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवलंच आहे, की बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही चरबी जास्त असू शकते. तेव्हा एकट्या काट्यावर विसंबू नये. कंबरेचा घेर, रक्तातली साखर, झोप आणि रेल्वेचा पूल चढताना लागणारा दम हेही पाहावं.

या अंकात म्हणूनच ‘महिन्यात दहा किलो’ छापाचे सल्ले नाहीत. डबा, चालणं, झोप आणि वैताग यांवरचे लेख आहेत. तुमचा काटा कुठे अडला आणि तुम्ही काय केलंत, हे आम्हाला जरूर कळवा. मतभेदही कळवा, तेही छापू.